आम्ही तुमचे, पण जमीन आमची : १८६१ मध्ये रशियाच्या भूदासांना नेमकं काय मिळालं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुम्ही विचारलंय : रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याने १८६१ मध्ये दोन कोटींहून जास्त भूदासांना मुक्त केलं. पुढे न्यायालयं, स्थानिक स्वराज्य, सैन्य यांतही मोठे बदल केले. पुस्तकं त्याला ‘मुक्तिदाता झार’ म्हणतात. मग ज्यांना मुक्त केलं ते शेतकरीच का चिडले, आणि १८८१ मध्ये त्याच्याच राजधानीत बॉम्ब टाकून त्याला का मारलं? त्याला खरंच सुधारणा करायच्या होत्या की तो सगळा देखावा होता?

मी गेली २६ वर्षं महाविद्यालयात आधुनिक युरोपचा इतिहास शिकवतोय आणि हा प्रश्न वर्गातून जवळजवळ दरवर्षी येतो. बहुतेक वेळा ‘खरा सुधारक की ढोंगी’ याच रूपात येतो. पण राजाच्या मनात काय होतं यावर वाद घालत बसलं की तास संपतो आणि हाती काही लागत नाही. म्हणून मी मुलांना दुसऱ्या टोकाकडून सुरुवात करायला लावतो. त्या कायद्याने माणूस मोकळा केला, पण जमीन कुणाची धरली? एवढं एक नीट कळलं की शेतकऱ्यांची चीड कळते. झारच्या हत्येची गोष्ट मात्र वेगळी आहे, कारण मारणारे शेतकरी नव्हते. तिकडे शेवटी येतो.

आधी ‘भूदास’ या शब्दाबद्दल, कारण निम्मा घोटाळा तिथेच होतो. उत्तरपत्रिकांमध्ये मुलं कधी ‘गुलाम’ लिहितात, कधी ‘कूळ’. कूळ म्हणजे खंड देऊन दुसऱ्याची जमीन कसणारा. परवडलं नाही तर तो निदान निघून तरी जाऊ शकतो. रशियात १६४९ च्या कायदेसंहितेने तो दरवाजा कायमचा बंद केला. पळून गेलेला शेतकरी कितीही वर्षांनी सापडला तरी मालकाकडे परत, आणि त्याची मुलंबाळंही त्याच मालकाची. ‘भूदास’ या शब्दावरून वाटतं की माणूस जमिनीला बांधलेला असावा. अठराव्या शतकात प्रत्यक्षात तो मालकाला बांधलेला होता. त्याला जमिनीशिवाय विकता येत होतं, गहाण टाकता येत होतं, जुगारात हरता येत होतं. युक्रेनचा कवी तारास शेवचेन्को जन्माने भूदास. १८३८ मध्ये चित्रकार ब्र्युलोव याने कवी झुकोव्स्कीचं चित्र काढलं, त्याची सोडत लावली आणि त्या पैशातून शेवचेन्कोला त्याच्या मालकाकडून सोडवून घेतलं. किंमत होती २,५०० रुबल. लेखक चेखव यांच्या आजोबांनीही १८४१ मध्ये ३,५०० रुबल मोजून आपल्या कुटुंबाची सुटका करून घेतली होती.

मालकाचं देणं दोन प्रकारचं. काळ्या सुपीक मातीच्या दक्षिण भागात मुख्यतः बार्श्चिना, म्हणजे मालकाच्या शेतावर आठवड्यातून तीन दिवस, कधी त्याहून जास्त वेठ. उत्तरेला, जिथे माती हलकी आणि माणसं शहरात जाऊन सुतारकाम, गाडीवानी, विणकाम करत, तिथे ओब्रोक, म्हणजे वर्षाला ठरलेली रोख रक्कम. हा फरक लक्षात ठेवा, पुढच्या हिशोबात तो फार कामाचा आहे.

आता जमिनीबद्दल. मालकाच्या लेखी सगळी जमीन त्याची होती आणि त्यातला काही भाग त्याने भूदासांना पोटापुरता कसायला दिला होता. शेतकऱ्याच्या लेखी जमीन देवाची, झारची आणि जो नांगर धरतो त्याची. मालक हा वरून येऊन बसलेला. इव्हान याकुश्किन नावाचा एक तरुण जमीनदार होता, पुढे डिसेंबर १८२५ मध्ये झारविरुद्ध उठलेल्या ‘डिसेंबरवाल्या’ बंडखोरांपैकी एक. स्मोलेन्स्क प्रांतातल्या झुकोवो गावी त्याने आपल्या शेतकऱ्यांना सांगितलं, मी तुम्हाला मुक्त करतो. घरं, परसबाग, गुरं, गायरान तुमचं. त्यांनी विचारलं, आणि शेतजमीन? तो म्हणाला, ती माझी, हवी तर खंडाने कसा. त्यावर ते म्हणाले, मग राहू दे मालक, आहे तेच बरं : आम्ही तुमचे, पण जमीन आमची. ही आठवण याकुश्किनने स्वतः लिहून ठेवली आहे. पुढचं सगळं वाचताना हे वाक्य मनात ठेवा.

मग झारने हे काढलंच का? क्रिमियाचं युद्ध (१८५३-५६, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानविरुद्ध) हरल्यामुळे, असं पुस्तकात असतं आणि ते बरोबर आहे. पण हरण्याचा भूदासांशी संबंध काय, हे क्वचितच सांगितलं जातं. अलेक्झांडर १८५५ मध्ये गादीवर आला तेव्हा युद्ध चालूच होतं. रशियाचा सैनिक म्हणजे २५ वर्षांसाठी उचललेला शेतकरी, बऱ्याचदा भूदास. भरती झाला की तो आणि त्याची बायको मालकाच्या ताब्यातून सुटत. इतर देशांप्रमाणे थोडी वर्षं शिकवून घरी पाठवायचं आणि युद्ध आलं की परत बोलवायचं, अशी राखीव फौज रशियाला ठेवता येत नव्हती. कारण तसं केलं तर दर काही वर्षांनी लाखो मोकळी आणि बंदूक चालवता येणारी माणसं भूदासांच्या गावात परतली असती. म्हणजे शांततेच्या काळातही प्रचंड फौज पोसायची, आणि युद्धात तीही अपुरी पडायची. पुढे युद्धमंत्री झालेल्या दमित्री मिल्यूतिनने १८५६ मध्येच हे लिहून दिलं होतं : भूदासपद्धती असेपर्यंत सैन्यसुधारणा होणार नाही.

भीतीही होतीच. गुप्त पोलिसांचा प्रमुख बेंकेनडॉर्फ याने १८३९ मध्ये भूदासपद्धतीला राज्याखाली ठेवलेलं दारूचं कोठार म्हटलं होतं. मार्च १८५६ मध्ये मॉस्कोच्या उमरावांसमोर अलेक्झांडर म्हणाला, ही पद्धत खालून आपोआप मोडू लागायची वाट बघण्यापेक्षा वरूनच मोडलेली बरी. या वाक्यात दया किती आणि हिशोब किती हे ज्याने त्याने ठरवावं. मला त्यात हिशोब जास्त दिसतो, आणि तेवढ्यावरून मी त्याला कमी लेखत नाही. त्याचा बाप पहिला निकोलस याने याच प्रश्नावर एकामागून एक गुप्त समित्या नेमल्या आणि मूळ प्रश्नाला हात लावला नाही. मुलाने लावला.

त्याचं खरं कर्तृत्व १८५७ ते १८६१ या चार वर्षांत आहे. बहुसंख्य जमीनदारांना मुक्ती द्यायचीच झाली तर बिनजमिनीची द्यायची होती. बाल्टिक प्रांतांत १८१६ ते १८१९ मध्ये तशी दिलीही होती आणि तिथला शेतकरी मोकळा होऊन शेतमजूर झाला होता. अलेक्झांडरने नोव्हेंबर १८५७ मध्ये विल्नाच्या (आजचं विल्नियस) गव्हर्नर जनरलला पाठवलेलं, उमरावांना सुधारणेची योजना करायला सांगणारं पत्र जाहीर करून टाकलं, म्हणजे मागे फिरायची वाट बंद झाली. मसुदा करायला १८५९ मध्ये नेमलेल्या आयोगांचा प्रमुख होता याकोव रोस्तोव्त्सेव. तरुणपणी डिसेंबरच्या बंडाची खबर झारला आगाऊ देणारा हा राजनिष्ठ सेनापती. पण कागदपत्रं वाचता वाचता त्याचं मत बदललं आणि बिनजमिनीची मुक्ती नको, यावर तो ठाम झाला. त्याच्याबरोबर निकोलाय मिल्यूतिन, वर सांगितलेल्या दमित्रीचा भाऊ, सगळ्या यंत्रणेचं डोकं. रोस्तोव्त्सेव १८६० च्या सुरुवातीला वारला आणि त्याच्या जागी आलेला काउंट पानिन जमीनदारांच्या बाजूचा होता. तरीही शेतकऱ्याला जमिनीसह मुक्त करायचं हे तत्त्व टिकलं, कारण झार मागे हटला नाही. देखावा करणारा माणूस एवढं करत नाही.

१९ फेब्रुवारी १८६१ ला (जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे, आपल्या कॅलेंडरने ३ मार्च) झारने सही केली. पण जाहीर झालं ५ मार्चला. मधले दोन आठवडे गप्प राहण्याचं कारण असं की उपवासाच्या मोठ्या पर्वाआधीचा मास्लेनित्साचा आठवडा मध्ये येत होता, लोक खाण्यापिण्यात असणार होते. दारू प्यायलेल्या गर्दीला स्वातंत्र्याची बातमी द्यायला सरकार घाबरलं. शेवचेन्को २६ फेब्रुवारीला पीटर्सबर्गमध्ये वारला. सही होऊन सात दिवस झाले होते आणि जाहीर व्हायला सात दिवस बाकी होते.

जाहीरनामा लिहिला होता मॉस्कोचे धर्मगुरू फिलारेत यांनी, जड धार्मिक भाषेत. मी दरवर्षी त्याचं भाषांतर वर्गात मोठ्याने वाचायला लावतो आणि सांगतो, आपल्याला आज काय मिळालं हे ज्या क्षणी कळेल त्या क्षणी हात वर करा. वाचन संपतं तरी बहुतेकांचे हात खालीच असतात. उमरावांच्या त्यागाचं कौतुक आहे, देवाचं नाव आहे, आणि मध्येच एक ओळ आहे : दोन वर्षं पूर्वीप्रमाणेच मालकाची आज्ञा पाळा. गावातल्या चर्चमध्ये उभं राहून हे ऐकणाऱ्या निरक्षर माणसाने काय समजायचं?

मिळालं ते असं. माणूस म्हणून त्याला तत्काळ आणि फुकट मुक्ती. आता त्याला विकता येणार नाही. लग्नाला मालकाची परवानगी नको. मालमत्ता, धंदा, कोर्टकचेरी स्वतःच्या नावाने. हे लहान नाही. पण जमीन सगळी मालकाची धरली आणि तिच्यातला ठरावीक वाटा शेतकऱ्याने विकत घ्यायचा. व्यवहार होईपर्यंत तो ‘तात्पुरता बांधील’, म्हणजे वेठ किंवा ओब्रोक चालूच. दोन वर्षांत प्रत्येक गावाची सनद (जमीन किती, देणं किती याचा कागद) करायची, त्यासाठी स्थानिक उमरावांमधूनच मध्यस्थ नेमले. लिओ टॉल्स्टॉय तूला प्रांतात असा मध्यस्थ होता. तो शेतकऱ्यांची बाजू घेतो अशी जमीनदारांची ओरड झाली आणि १८६२ मध्ये त्याने ते काम सोडलं.

आता हिशोब, जो मी फळ्यावर मांडतो. समजा एका शेतकऱ्याचा वाट्याच्या जमिनीवरचा ओब्रोक वर्षाला १० रुबल आहे. कायदा म्हणतो, जमिनीची किंमत म्हणजे अशी रक्कम की जी ६% व्याजाने ठेवली तर मालकाला वर्षाला १० रुबल मिळत राहतील. म्हणजे १६६ रुबल ६७ कोपेक. यातले ८०%, म्हणजे १३३ रुबल ३३ कोपेक, सरकार मालकाला रोख्यांच्या रूपात देतं. उरलेले ३३ रुबल ३३ कोपेक शेतकरी मालकाला देतो. (मालकाने एकतर्फी विक्री लादली तर हा हिस्सा त्याला सोडावा लागे.) सरकारचे पैसे शेतकऱ्याने फेडायचे, दरवर्षी ६%, म्हणजे ८ रुबल, सलग ४९ वर्षं. आठ गुणिले एकोणपन्नास, ३९२ रुबल. १० रुबलचे ८ झाले हे खरं, पण दोन पिढ्यांचा हप्ता मानेवर बसला.

पण खरी गोम रकमेत नाही, किंमत कशावरून काढली त्यात आहे. बाजारात त्या जमिनीला काय भाव आहे हे कुणी विचारलंच नाही. किंमत काढली ओब्रोकवरून. आणि उत्तरेकडचा ओब्रोक जमिनीतून येत नव्हता, तो माणूस शहरात जाऊन जे कमवी त्यातून येत होता. म्हणजे जमिनीच्या किमतीत माणसाच्या अंगमेहनतीची किंमत मिसळली होती. जाहीरनाम्यात माणूस फुकट सुटला होता, हिशोबात त्याची किंमत वसूल झाली होती. इतिहासकारांनी एकूण बेरीज केली आहे : शेतकऱ्यांच्या नावे मांडलेली किंमत सुमारे ८६.७ कोटी रुबल, आणि सुधारणेच्या आधीच्या बाजारभावाने तीच जमीन सुमारे ५४.४ कोटींची. फरक सगळ्यात जास्त कुठे? हलक्या मातीच्या उत्तरेत.

त्यात आणखी एक कलम होतं, जे मला सगळ्यात कडू वाटतं. ओब्रोक जमिनीवर सारखा पसरलेला नव्हता. पहिल्या देस्यातिनावर (साधारण पावणेतीन एकर) सर्वांत मोठा बोजा, दुसरीवर कमी, पुढे आणखी कमी. म्हणजे ज्याला तुकडा लहान मिळाला त्याला दर एकरी जास्त महाग पडला.

आणि तुकडा लहान होत होता. कायद्याने प्रत्येक भागासाठी वाट्याची कमाल मर्यादा ठरवली. शेतकरी आधी त्याहून जास्त जमीन कसत असेल तर जादाची मालकाने कापून घ्यायची. या कापलेल्या तुकड्यांना अत्रेझ्की म्हणत. सरासरीने शेतकऱ्यांची पाचवा हिस्सा जमीन अशी गेली, सुपीक भागात त्याहून जास्त. कुठला तुकडा कापायचा हे बहुधा मालक ठरवी. मग तो कापी नदीकाठचं कुरण, पाणवठ्याकडची वाट, जंगलाची कड. शेतं गावाची, पण गुरं पाण्यावर न्यायची तर मालकाच्या पट्टीवरून. गुरांचं पाऊल पडलं की दंड, नाहीतर कापणीला येऊन मालकाचं काम करा. कागदावर वेठ संपली आणि या वाटेने परत आली.

उलट बाजूचंही सांगायला हवं. जमीनदारही पैशात लोळले नाहीत. १८६१ पर्यंत त्यांचे जवळजवळ दोन तृतीयांश भूदास सरकारी पतसंस्थांकडे गहाण होते. सरकारने ते कर्ज आधी वळतं केलं आणि मगच रोखे हाती दिले, आणि त्या रोख्यांचा भावही बाजारात उतरला. लगेच सगळी जमीन जप्त करून फुकट वाटणं हे त्या राज्याला शक्यही नव्हतं. ते उमरावांवरच उभं होतं. मला प्रामाणिकपणे वाटतं की तत्त्व म्हणून जमीन देणं ही त्या झारची मोठी कामगिरी, आणि किमतीचं गणित ही त्याच कायद्याची मोठी खोट. दोन्ही एकाच वेळी खरं आहे.

मोकळा झालेला माणूस गाव सोडून जाऊ शकत होता का? सहजी नाही. जमीन बहुतेक भागात व्यक्तीला मिळाली नाही, गावाच्या मंडळाला, ‘मीर’ला मिळाली. हप्त्यांची आणि करांची जबाबदारी सगळ्या गावाची सामाईक. एकाने बुडवलं तर बाकीच्यांनी भरायचं. मग गाव कुणाला सहज जाऊ देईल? बाहेर कामाला जायचं तर परवाना हवा. शेतकऱ्यांच्या किरकोळ भांडणांसाठी वेगळं वोलोस्त (काही गावांचा गट) न्यायालय, आणि त्याला २० पर्यंत फटके मारायची शिक्षा देता येई. मालकाची साखळी गेली आणि गावाची आली. सरकारला ते सोयीचं होतं, कारण वसुलीची यंत्रणा आयती मिळाली.

आता बेझ्दना गावाची गोष्ट. कझान प्रांत, एप्रिल १८६१. अंतोन पेत्रोव नावाचा थोडंफार वाचता येणारा शेतकरी. गावकऱ्यांनी त्याला सांगितलं, एवढ्या जाड कायद्यात खरी मुक्ती कुठेतरी लिहिलेली असणार, मालक लोक लपवतायत, तू शोध. त्याने रात्रंदिवस ती पानं चाळली आणि नमुना तक्त्यांतल्या शून्यांमध्ये, टक्क्यांच्या चिन्हांमध्ये त्याला झारची खूण सापडली. मुक्ती पूर्ण आहे, जमीन आपली आहे, मालकाला काही देणं नाही. आसपासच्या गावांतून हजारो लोक जमले. काउंट अप्राक्सिनच्या सैनिकांनी पेत्रोवला हवाली करा म्हटलं, लोक हलले नाहीत, आणि निःशस्त्र गर्दीवर गोळ्या चालल्या. पहिल्या सरकारी आकड्यात ५१ मृत होते, खरी संख्या त्याहून बरीच जास्त. पेत्रोव कायद्याची प्रत डोक्यावर धरून बाहेर आला. आठवड्याभरात त्याला गोळी घातली.

मुलं विचारतात, एवढा भाबडेपणा? मी त्यांना याकुश्किनच्या गावाची आठवण देतो. शेतकऱ्याच्या डोक्यात जमीन आधीपासूनच त्याची होती. आपलीच वस्तू ४९ वर्षांच्या हप्त्यांनी विकत घ्या असं झार सांगेल, हे त्याला अशक्य वाटत होतं. म्हणून त्याने झारवर नाही, कागद वाचून दाखवणाऱ्यांवर अविश्वास दाखवला.

इथे एक सावधगिरी. ‘रशियन शेतकरी’ असा एकच नव्हता. तुम्ही कुठल्या शेतकऱ्याबद्दल विचारता यावर उत्तर बदलतं. जवळजवळ भूदासांइतकेच शेतकरी सरकारी जमिनीवर होते; त्यांचा कायदा १८६६ मध्ये आला, त्यांना जमीन जास्त आणि बोजा कमी. मालकाच्या वाड्यात राबणारे स्वयंपाकी, मोतद्दार, दाया अशा नोकरांना जमीन मिळालीच नाही. काहींनी वाट्याचा फक्त चौथा हिस्सा फुकट घेऊन मालकाशी व्यवहार मिटवला. जिथे भोवती स्वस्त जमीन होती तिथे काही काळ त्यांचं बरं चाललं, पुढे जमिनीचे भाव चढले आणि ते भिकेला लागले. रशियाच्या ताब्यातल्या पोलंडमध्ये तर १८६३ चा उठाव झाल्यावर झारने १८६४ मध्ये शेतकऱ्यांना खूपच चांगल्या अटी दिल्या, कारण तिथला उमराव बंडखोर होता आणि शेतकरी आपल्या बाजूला हवा होता. त्या एका उदाहरणावरून दिसतं की चांगल्या अटी देणं अशक्य नव्हतं.

तुमच्या प्रश्नातल्या बाकीच्या सुधारणा याच मुळातून फुटल्या. जमीनदार म्हणजे त्याच्या गावापुरता पोलीस, न्यायाधीश, करवसूलदार आणि सैन्यभरती अधिकारी होता. तो खांब काढला की छत कशावर टेकवायचं? म्हणून १८६४ च्या सुरुवातीला झेम्स्त्वो, म्हणजे जिल्हा आणि प्रांत पातळीवरची निवडून आलेली मंडळं. रस्ते, शाळा, दवाखाने त्यांच्याकडे. जिल्हा मंडळांत सुरुवातीला उमराव सुमारे ४२% आणि शेतकरी ३८%, पण प्रांताच्या मंडळात उमराव ७४% आणि शेतकरी जेमतेम ११%. तरी रशियन खेड्यात पहिल्यांदा डॉक्टर आणि मास्तर पोचले ते याच मंडळांमुळे. १८७४ मध्ये सक्तीची लष्करभरती, सगळ्या वर्गांना सारखी; २५ वर्षांच्या जागी ६ वर्षं फौजेत आणि ९ राखीव, शिकलेल्यांना आणखी सूट. दमित्री मिल्यूतिनला हवं ते १८ वर्षांनी मिळालं.

सर्वांत धाडसी सुधारणा नोव्हेंबर १८६४ ची, न्यायालयांची. उघड सुनावणी, ज्युरी, वकील, सरकारला हटवता न येणारे न्यायाधीश. ती किती खरी होती याची परीक्षा १८७८ मध्ये झाली. पीटर्सबर्गचा प्रमुख त्रेपोव याने टोपी काढली नाही म्हणून एका राजकीय कैद्याला फटके मारवले. वेरा झासुलिच नावाची तरुणी त्याच्या कचेरीत अर्ज घेऊन गेली आणि तिने त्याच्यावर गोळी झाडली. तो जखमी झाला. गोळी झाडल्याचं तिने नाकारलंच नाही. अध्यक्षस्थानी न्यायाधीश कोनी होते, आणि ज्युरीने तिला निर्दोष सोडलं. झारनेच दिलेल्या न्यायालयात झारच्या अधिकाऱ्याचा पराभव झाला. मग सरकारने काय केलं? असे खटले हळूहळू ज्युरीकडून काढून लष्करी न्यायालयांकडे दिले. तुमच्या ‘देखावा होता का’ या प्रश्नाचं मला सुचणारं सर्वांत नेमकं उत्तर इथे आहे. सुधारणा खऱ्या होत्या, पण त्यांनी त्याच्या निरंकुश सत्तेला हात लावायचा नव्हता. १८६२ मध्ये त्वेर प्रांतातल्या उमरावांनी सगळ्या देशाची प्रतिनिधी सभा मागितली, तेव्हा तिथल्या १३ मध्यस्थांना किल्ल्यात डांबलं गेलं.

आता हत्या. त्याला मारणारे ‘नारोद्नाया वोल्या’ (‘लोकांची इच्छा’) या गुप्त क्रांतिकारी गटाचे, त्यांच्यात बरेच शिकलेले तरुण. यातल्या अनेकांनी १८७४ च्या उन्हाळ्यात खेड्यात जाऊन शेतकऱ्यांना जागं करायचा प्रयत्न केला होता. शेतकऱ्यांनी ऐकून घेतलं, पण झारविरुद्ध शब्द ऐकला की कान झाकले. काही ठिकाणी त्यांनाच पोलिसांच्या हाती दिलं. कीवजवळच्या चिगिरिन भागात स्तेफानोविच नावाच्या क्रांतिकारकाने वेगळीच युक्ती काढली. ‘मला जमीन तुम्हाला द्यायची आहे, पण उमराव अडवतात, तुम्ही गुप्तपणे संघटित व्हा’ असं झारच्या नावाचं खोटं फर्मान छापलं. सुमारे हजार शेतकरी सामील झाले. झारविरुद्ध उठा म्हटल्यावर कुणी उठलं नाही, झारच्या हुकमाने उठा म्हटल्यावर हजार जण उठले. बेझ्दनाचा अंतोन पेत्रोव १६ वर्षांनी पुन्हा दिसतो तो असा.

गाव हलत नाही म्हटल्यावर त्या तरुणांतल्या एका गटाने झारलाच लक्ष्य केलं. १ मार्च १८८१ ला कॅथरिन कालव्याच्या काठी रिसाकोवचा पहिला बॉम्ब फुटला. झार वाचला, जखमींना बघायला गाडीतून उतरला, आणि ग्रिनेवित्स्कीच्या दुसऱ्या बॉम्बने गेला. त्याच सकाळी त्याने गृहमंत्री लोरिस-मेलिकोवची एक योजना मान्य केली होती : कायदे करताना निवडून आलेल्या लोकांचा सल्ला घ्यायची. संसद नव्हे, पण पहिलं पाऊल. मुलगा तिसरा अलेक्झांडर याने ती बाजूला सारली आणि १८८९-९० मध्ये झेम्स्त्वोचे आणि शेतकऱ्यांचे हक्क आणखी कापले. खेड्यांत मात्र अफवा उलटीच पसरली होती : आम्हाला मुक्त केलं म्हणून उमरावांनी झारला मारलं.

मुक्तीचे हप्ते चालूच राहिले. थकबाकी साठत गेली, सरकारने १८८० च्या दशकात हप्ते थोडे कमी केले, जे अजून ‘तात्पुरते बांधील’ होते त्यांना १८८३ पासून सक्तीने खरेदीत आणलं. १९०५ मध्ये खेडी पेटली तेव्हा शेतकरी सगळ्यात आधी मालकाच्या जंगलात लाकूड तोडायला आणि त्याच्या कुरणात गुरं सोडायला घुसले, अनेक ठिकाणी त्याच जागी ज्या १८६१ मध्ये कापल्या होत्या. त्या नोव्हेंबरात सरकारने हप्ते रद्द करण्याची घोषणा केली. पुढच्या वर्षी ते निम्मे झाले आणि १ जानेवारी १९०७ पासून बंद. जाहीरनामा वाचला गेला त्या दिवशी दहा वर्षांचा असलेला मुलगा तेव्हा ५६ वर्षांचा झाला होता.